ट्रॉली सुटली तर थांबवणारी तार बांधून ठेवावी का?

मोहोळ तालुक्यातल्या एका ऊस वाहतूकदारानं विचारलंय. यंदाच्या हंगामाला त्यांनी दोन चारचाकी ट्रॉल्या घेतल्या, कंपनीतूनच ओव्हररन ब्रेक आणि 'ब्रेकअवे'ची तार बसवून आलेल्या. ड्रायव्हर म्हणतो, वळणावर तार ताणते आणि ब्रेक धरतो, म्हणून त्यानं ती गुंडाळून लिव्हरलाच बांधून टाकली. त्यांचे प्रश्न असे: साखळी आहेच, मग ही तार हवी कशाला? ठेवायची तर वापर आणि निगा कशी? आणि चुलत भावाचा मोठा ट्रेलर आहे, तो म्हणतो आमच्याकडे लाल पाइप हेच काम करतो, ते खरं का?

मालक, आधी जाऊन ती तार सोडा. उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

मी सोलापुरात हैदराबाद रोडला गेली २६ वर्षं ब्रेकचंच काम करतो. ट्रक, ट्रेलर, टँकर, आणि दसरा जवळ आला की ट्रॉल्या. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असतो हेच आपल्याकडं अजून बऱ्याच जणांना नवं वाटतं. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या ट्रॉलीला बहुधा तो नसतोच, थांबवायचा सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. तुमच्या ट्रॉलीला तो आहे, आणि ड्रायव्हरनं त्यातला अर्धा बांधून ठेवलाय. त्याच्यावर चिडू नका. तार वळणावर ताणत असेल तर ती चुकीच्या जागी अडकवलेली आहे, आणि ती चूक अर्ध्या तासात निघते.

ओव्हररन ब्रेक कसा चालतो ते एकदा बघून घ्या, म्हणजे तारेचं काम आपोआप कळेल. ट्रॅक्टरनं ब्रेक मारला की मागची भरलेली ट्रॉली पुढं रेटते. दांडीच्या तोंडाशी एक सरकता नळा असतो, तो त्या रेट्यानं आत जातो, आतला लिव्हर सळया ओढतो आणि चाकाच्या ड्रममधले शू उघडून ड्रमला आतून दाबतात. ट्रॉली स्वतःच्याच रेट्यानं स्वतःला आवरते. युक्ती झकास आहे, पण तिला रेटायला पुढं ट्रॅक्टर लागतो. हूकची पिन निघाली की नळ्याला टेकायला काही उरत नाही. शू चांगले, ड्रम चांगला, सळया जागेवर, आणि ब्रेक मात्र शून्य. त्या घटकेसाठी ही तार. एक टोक ट्रॅक्टरला, दुसरं ट्रॉलीच्या हँडब्रेकच्या लिव्हरला. ट्रॉली लांब जायला लागली की तार लिव्हर ओढते, लिव्हर दात्यांवर चढून अडकतो, ब्रेक बसतो, आणि त्यानंतर तार तुटते किंवा तिचा हूक उघडतो. तार तुटणं हे तिच्या कामातच धरलेलं आहे.

आता साखळीचं. साखळी हवीच, पण तिचं काम वेगळं. दांडी सुटली की तिनं तिला जमिनीवर आपटू द्यायचं नाही, आणि ट्रॉलीचं तोंड ट्रॅक्टरच्या मागं धरून ठेवायचं. टर्नटेबलवाल्या, म्हणजे पुढची चाकं दांडीबरोबर वळणाऱ्या चारचाकी ट्रॉलीची दांडी खाली पडून डांबरात रुतली तर ट्रॉली तिच्यावर चढून उलटते. म्हणून दोन साखळ्या दांडीच्या खालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, दांडी त्यांच्या झोळीत पडली पाहिजे. पण साखळी ट्रॉली थांबवत नाही. उतारावर पिन निघाली तर साखळीला बांधलेली ट्रॉली खुशाल येऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर आदळेल. चढावर निघाली तर ट्रॉलीची सगळी ओढ एका हिसक्यात साखळीवर येते, आणि अशा वेळी बहुतेकदा कडी शाबूत राहते, ती जिथं वेल्ड केलीय तो तुकडा उपटून येतो.

चढावरची गोष्ट हिशेबानं सांगतो, कारण लोक तिथंच फसतात. समजा ट्रॉली उसासकट १२ टन, आणि कॅनॉलच्या पुलाला असतो तसा २५ फुटाला १ फूट चढ. १२ टनांचं उताराकडं ओढणारं बळ साधारण ४८० किलो. टायर आणि बेअरिंगच्या घर्षणात त्यातलं निम्मं गेलं असं धरा. उरलेल्या २४० किलोनं ट्रॉली मागं यायला लागते. पहिल्या दहा सेकंदांत ती जेमतेम १० मीटर येते, माणूस धावतो त्याहून हळू. बघणाऱ्याला वाटतं, दगड लावला की थांबेल. तिसाव्या सेकंदाला तीच ट्रॉली ताशी २० किलोमीटरच्या वर असते आणि ९० मीटर मागं आलेली असते. पहिल्या दहा सेकंदांच्या त्या संथपणानं माणूस दगड घेऊन चाकामागं धावतो. तुमच्या क्लीनरला हे आजच सांगा: चालत्या चाकाखाली दगड लावायला जायचं नाही, ट्रॉली उसासकट कॅनॉलमध्ये गेली तरी चालेल.

अशी एक ट्रॉली मी बघितली आहे. जानेवारीचे दिवस, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा, रस्त्याला रात्री बारापर्यंत माणसं. एकामागं एक लावलेल्या जोड ट्रॉलीतली मागची सुटली. पिन आत होती, पण तिला अडवून धरणाऱ्या आर-क्लिपऐवजी वाकवलेला खिळा लावलेला. खड्ड्याच्या दणक्यानं खिळा गळाला, मग पिन उसळत उसळत वर आली. ट्रॉली मागं जाऊन रस्त्याकडंच्या बाभळीला अडली आणि निम्मा ऊस ओतला गेला. त्या वेळी मागं कुणी नव्हतं एवढंच नशीब. सकाळी मला बोलावलं. ब्रेकअवेची तार लिव्हरला व्यवस्थित गुंडाळलेली होती, आणि तिच्यातच दसऱ्याची लिंबू-मिरची ओवलेली. ड्रायव्हरला विचारलं, ही तार कशाची? म्हणाला, "नजर लागू नये म्हणून आहे की बे." थट्टा नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं. गाडी ताब्यात देताना कुणी एकदा ओढून दाखवलंच नव्हतं.

आता तार वळणावर ताणते त्याचं. ती कुठं अडकवायची यावरच सगळा खेळ आहे. हूकपिनला अडकवायची नाही, कारण पिनच निघाली तर तार तिच्याबरोबर जाते. साखळीला नाही, साखळीच्या कडीलाही नाही. आणि ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या हातांना तर अजिबात नाही. ही शेवटची चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्यात नवा होतो, लिफ्टच्या हाताला छान भोक दिसलं, तिथं तार अडकवली. ड्रायव्हरनं वाटेत कशासाठी तरी लिफ्ट उचलली, लिव्हर दोन दाते चढला आणि ब्रेक अर्धवट धरला. भरलेल्या ट्रॉलीला इंजिन ओढत होतंच, त्यामुळं त्याला कळलं नाही. आठ किलोमीटरनंतर मागच्या दुचाकीवाल्यानं हात केला, तेव्हा ड्रममधून धूर निघत होता. ड्रम निळा पडलेला, शूवरचं लायनर जळून भुसभुशीत. सगळा खर्च माझ्या खिशातून गेला.

तार अडकवायला ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर किंवा हिचच्या मूळ चौकटीवर वेगळी, न हलणारी कडी पाहिजे. ती हूकच्या बरोबर वर, मध्यरेषेजवळ असावी. मध्यापासून वीतभर जरी बाजूला असली तरी एका अंगाच्या वळणावर तार सैल पडते आणि दुसऱ्या अंगाला ताणते. तुमच्या ड्रायव्हरची तक्रार 'डावीकडं वळताना धरतो, उजवीकडं नाही' अशी असेल तर कारण हेच. दांडीवर तारेसाठी एक गोल कडी दिलेली असते, तार त्यातूनच गेली पाहिजे. ती कडी तुटली आहे आणि तार कडेनं लोंबकळत जातेय, असं मी कितीदा बघितलंय.

लांबी मापानं ठरत नाही, वळवून ठरते. मोकळ्या जागेत रिकामी ट्रॉली जोडा, ट्रॅक्टर डावीकडं पूर्ण तोडून वळवा, थांबा, उतरून तार बघा. चार बोटं ढील दिसली पाहिजे. मग उजवीकडं तसंच. मग एकदा फडातल्या बांधावर चढताना बघा, कारण ट्रॅक्टरचं तोंड वर झालं की मागचं अंतर बदलतं. या तिन्ही ठिकाणी ढील राहून सरळ उभं असताना तार जमिनीपासून वीतभर वर राहत असेल तर लांबी बरोबर. जमिनीला घासत असेल तर मध्ये एक हलका रबर बँड लावून वर धरा, गाठ मारून आखडू नका. गाठीपाशी तार तुटते आणि कडीत अडकतेही.

साखळी आणि तार यात आधी कोण ताणलं पाहिजे, यावर मेकॅनिक मंडळींत दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं असं, की साखळीनं धरलंय तोवर ड्रायव्हरला सावकाश थांबू द्यावं, साखळी तुटली तरच ब्रेक लागावा. ताशी ८०नं जाणाऱ्या जीपमागच्या हलक्या ट्रेलरला ते ठीक असेल, तिथं बनवणाऱ्यानं सांगितलेली लांबी पाळा. ताशी २० च्या ट्रॅक्टरमागं १२ टनांना माझं मत उलटं आहे. तार आधी ओढली गेली पाहिजे, ब्रेक बसला पाहिजे, आणि साखळीनं तोवर फक्त तोंड धरून ठेवायचं. या वेगाला ब्रेक अचानक लागला तरी ट्रॉली चार-पाच मीटर घासटत थांबते.

तार जाड लावली म्हणजे जास्त भरवशाची, असंही काही जण करतात. क्लचची केबल, लिफ्टची वायररोप, एकानं तर बोअरवेलची मोटार सोडायची रोप लावली होती. जाड तार तुटत नाही, ती लिव्हर वाकवते किंवा ब्रॅकेट उपटते, आणि मग ब्रेक बसलेलाही सुटतो. उलट बाइंडिंग वायर किंवा सुतळी लिव्हर चढायच्या आधीच तुटते. कंपनीची जी जाडी आहे तीच आणा. प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत एक जादा तार ठेवा.

तुमची जोड ट्रॉली आहे म्हणून एक वेगळं सांगतो. मागच्या ट्रॉलीची तार ट्रॅक्टरपर्यंत आणायची नाही, ती पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या चौकटीला अडकवायची. मधली पिन निघाली तर फक्त मागचीला ब्रेक लागला पाहिजे. आणि बहुतेक वेळा मधलीच निघते. ती ड्रायव्हरच्या नजरेत नसते, आणि कारखान्यावर रिकामी करताना ती रोज काढली-घातली जाते.

आता तपासणी. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी एकदा, आणि हंगामात महिन्यातून एकदा. रिकामी ट्रॉली सपाट जागेवर घ्या. चाकांच्या पुढं-मागं लाकडी गुटके ठेवा, पण चाकाला चिकटवून नाही, एक वीत मोकळी सोडून. साखळ्या काढा, पिन काढा, तार राहू द्या. दांडीखाली टेकण द्या. ट्रॅक्टर पहिल्या लो गिअरमध्ये हळूच पुढं घ्या. तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटलेलं टोक चाबकासारखं येतं. लिव्हर खट-खट करत वर चढला पाहिजे आणि हात न लावता तिथंच राहिला पाहिजे. तपासणीत तार तुटेपर्यंत ओढू नका, लिव्हर चढला की थांबा.

इथं बहुतेक लोक समाधान मानतात आणि मला राग येतो तो इथंच. अजून अर्धी तपासणी बाकी आहे. ट्रॉली मागं ढकलून बघायची. ओव्हररन ब्रेकच्या बऱ्याच ट्रॉल्यांना रिव्हर्स घेताना ब्रेक आपोआप मोकळा होण्याची सोय असते, नाहीतर ट्रॅक्टर मागं रेटला की नळा आत जाऊन ब्रेकच लागेल. चाक उलटं फिरलं की ड्रममधला एक शू मिटतो. रिव्हर्सला ते सोयीचं, पण चढावर सुटलेली ट्रॉलीही उलटीच फिरत असते ना! म्हणून लिव्हरला एक दणकट स्प्रिंग किंवा गॅसचा दट्ट्या दिलेला असतो. शू मिटला की जी ढील पडते ती तो लिव्हर आणखी ओढून भरून काढतो. चार माणसांनी रिकामी ट्रॉली मागं रेटली की चाक पाव फेरा फिरेल, लिव्हर आपोआप आणखी वर जाईल आणि मग ट्रॉली हलणार नाही. हे झालं तर ब्रेकअवे चालू आहे. लिव्हर जागचा हलला नाही आणि ट्रॉली गुटक्याला जाऊन टेकली, तर स्प्रिंग गेलीय किंवा शूची ढील फार वाढलीय. पुढं ओढून बघितलं तर हीच ट्रॉली पास होते.

काही जुन्या बनावटीत अशी आपोआप सोय नसते, रिव्हर्सच्या वेळी हातानं एक पट्टी आडवी टाकून नळा अडवायचा असतो. ती पट्टी टाकलेली राहिली की पुढं चालताना ओव्हररन ब्रेक लागतच नाही. कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर ट्रॉली मागं लावून झाली की ती पट्टी उचललीय का, हे क्लीनरचं काम ठरवून टाका.

निगा म्हणाल तर आपल्या भागात या ब्रेकचे तीन शत्रू: पाचट, काळी माती आणि पावसाळा. पाचट सळयांना आणि लिव्हरच्या दात्यांत गुंडाळलं जातं. वाळलेलं असताना ते नुसतं अडवतं, तापलेल्या ड्रमशी गेलं तर पेटतं. फडातून निघताना दात्यांत हात घालून पाचट ओढून काढायचं, याला अर्धं मिनिटही लागत नाही. काळी माती ओली असताना सळयांवर चढते आणि वाळली की सिमेंट. सरकत्या नळ्याला ग्रीसचे निपल असतात, १५ दिवसांतून एकदा गन लावा, बाहेर आलेलं जुनं ग्रीस पुसा, नाहीतर त्यावर धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो. लिव्हरच्या दात्यांना मात्र ग्रीस नको, हलकं तेल पुरे. ग्रीसमध्ये माती धरते आणि दाता अर्धवट बसतो.

पावसाळ्यात ट्रॉली बांधावर उभी असते, जूनपासून थेट दसऱ्यापर्यंत. मध्ये कुणी दिंडीचं सामान न्यायला मागितली तर तेवढीच हलते. या चार महिन्यांत ब्रेक लावून ठेवायचा नाही. शू ड्रमला चिकटतात, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून सोडवले की लायनर शूपासून सुटून येतं. हँडब्रेक सोडा, चारही चाकांना गुटके लावा, लिव्हर आणि तारेवर जुन्या ट्यूबचा तुकडा पांघरा.

शूची ढील काढायला चाक जॅकवर घ्या. अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, मग चाक हातानं मोकळं फिरेल एवढाच मागं घ्या. चारही चाकं सारखी झाली पाहिजेत, नाहीतर तार ओढली गेल्यावर ट्रॉली एका अंगाला खेचेल. आधी शू जुळवायचे, सळया शेवटी. उलटं केलं तर लिव्हर वरवर घट्ट लागतो आणि ड्रममध्ये काही होत नाही. लायनर रिव्हेटच्या डोक्याला टेकायच्या आधी बदला. ड्रममध्ये ग्रीस दिसलं तर हबचं सील गेलंय, नुसतं पुसून भागत नाही. आणि ड्रमची धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं. ओल्या फडक्यानं काढा.

एखाद दिवशी ब्रेकअवे खरंच ओढला गेला, तर ड्रायव्हरनं लगेच मागं येऊन पिन घालायची घाई करू नये. आधी चारही चाकांना गुटके, मागं रिफ्लेक्टर आणि रात्री असेल तर बॅटरी दाखवायला एक माणूस. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणीही उभं राहू नये, पिन धरून 'ये ये' करणारा तर मुळीच नको. जोडल्यावर आणि साखळ्या लावल्यावरच लिव्हर सोडायचा. तार तुटली असेल तर पेटीतली नवी तिथंच लावायची, 'कारखान्यावर जाऊन लावू' असं नाही. आणि पिन का निघाली ते शोधल्याशिवाय खेप पुढं न्यायची नाही. बहुतेकदा क्लिप नसते, नाहीतर हूकचं भोक झिजून लंबगोल झालेलं असतं.

आता तुमच्या चुलत भावाचं. तो बरोबर बोलतोय. मोठ्या ट्रेलरला घोड्यापासून, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीपासून, हवेचे दोन पाइप जातात, पिवळा सर्व्हिसचा आणि लाल इमर्जन्सीचा. पिवळ्यातून ड्रायव्हरच्या पायाचा हुकूम जातो. लाल पाइप ट्रेलरची टाकी भरत राहतो, आणि त्यातला दाब गेला की व्हॉल्व्हला कळतं, घोडा सुटला. जुन्या बनावटीत व्हॉल्व्ह त्या टाकीतली हवा ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेक दाबणाऱ्या डब्यात सोडतो. स्प्रिंग ब्रेक असेल तर उलटं, हवा निघून जाते आणि आतली स्प्रिंग ब्रेक दाबते. भरलेल्या टाकीत आठेक बार दाब असतो, तो पाच-साडेपाचच्या खाली आला की स्प्रिंग धरायला लागते.

त्याला तीन गोष्टी सांगा. पहिली, टाकीतल्या हवेवर धरलेला ब्रेक हा पार्किंगचा ब्रेक नाही. लाल पाइप काढून ट्रेलर रात्रभर उभा केला तर हवा हळूहळू गळते आणि पहाटे ट्रेलर चालायला लागतो. गुटके लावायचेच. दुसरी, पाइप अदलाबदल. कपलिंग झिजलं की लालच्या जागी पिवळा बसतो. स्प्रिंग ब्रेकचा ट्रेलर असेल तर तो जागचा हलणारच नाही, म्हणून चूक लगेच कळते. जुना असेल तर तो निमूट मागं येतो, टाकी रिकामी, ना साधा ब्रेक ना इमर्जन्सी. तिसरी गोष्ट मी रागानंच सांगतो. स्प्रिंग ब्रेक वाटेत धरला तर मोकळा करायला बूस्टरमध्ये एक लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळून ठेवता येते. ती सोय वर्कशॉपपर्यंत पोचण्यापुरती आहे. काही जण ब्रेक धरतोय म्हणून ती कायमची आवळून ठेवतात. आणि त्या बूस्टरचा मागचा क्लॅम्प कुणी हातोड्या-पान्यानं उघडू नये. आतल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचं बळ दाबलेलं असतं, झाकण डोक्यात बसलं तर माणूस जागीच जातो. खराब झाला तर अख्खा बदला.

लाल पाइपची तपासणी सोपी आहे. सपाट जागा, गुटके वीतभर सोडून, दाब पूर्ण भरा, इंजिन बंद करा, लाल पाइप काढा. 'फस्स' झालं की लगेच ब्रेक लागला पाहिजे. घोडा पहिल्या गिअरमध्ये हलका ओढून बघा, ट्रेलर हलता कामा नये. मग घड्याळ लावून थांबा. अमेरिकेच्या नियमात सुटलेल्या ट्रेलरचा ब्रेक निदान १५ मिनिटं धरून राहिला पाहिजे असं आहे, मी इथं तोच नेम पाळतो. पंधराव्या मिनिटाला पुन्हा ओढून बघायचं. काही ट्रेलरच्या पाइपवर बंद करायचे कॉक असतात, लाल पाइपचा कॉक चुकून बंद राहिला तर हवा आत कोंडून राहते आणि पाइप तुटला तरी ब्रेक लागत नाही, म्हणून कॉकची मूठ बघायची. टाकीच्या तळचं पाणी रोज सकाळी सोडायचं. आणि आपल्या उन्हात, पारा ४० च्या वर गेला की, रबरी पाइप बाहेरून ठीक दिसतात आणि वाकवले की चिरा उघडतात. मे संपताना ते वाकवून बघायचे.

विजेवर चालणारा ब्रेकअवेही असतो, हलक्या ट्रेलरला. त्यात तार एक खिटी ओढते आणि ट्रेलरवरच्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून ब्रेकच्या चुंबकांना करंट जातो. एका चाकाला साधारण ३ अँपिअर, चार चाकांना १२. पाच अँपिअर-तासाची बॅटरी ताजी असेल तरच पंधरा-वीस मिनिटं निघते. म्हणजे त्यात निगा बॅटरीचीच. खिटी काढून तपासायची आणि लगेच परत घालायची, जास्त वेळ ठेवली तर कॉइल तापतात. तुम्हाला याचं काम पडणार नाही, पण आता जनरेटरचे आणि खाण्याचे स्टॉलचे ट्रेलर शहरात दिसायला लागलेत म्हणून सांगितलं.

तुमच्याकडं परत. उद्या फक्त कडीची जागा बदला, दोन्ही बाजूंना वळवून ढील बघा आणि मागं ढकलायची तपासणी ड्रायव्हरच्या हातानं करून घ्या. लिव्हर त्याच्या डोळ्यांसमोर एकदा चढला की तो तार पुन्हा बांधणार नाही. बसवून झाल्यावर तीन फोटो पाठवा: पूर्ण डावीकडं वळलेला ट्रॅक्टर मागून, पूर्ण उजवीकडं वळलेला, आणि दोन ट्रॉल्यांमधली पिन क्लिपसकट. पिनचा फोटो जवळून काढा, भोक किती झिजलंय ते मला बघायचंय.